परदेशी गेलेल्यांचा वारसा कोणी राखावा?

(मंडळ्यांतील अभ्यासवर्गासाठी पाठ)

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी आज परगावी किंवा परमुलखी आहे. कोणाचा मुलगा आखातात नोकरीस आहे, कोणाची मुलगी इंग्लंडात परिचारिकेचे काम करिते, तर कोणाचे अख्खे कुटुंब खेडे सोडून नवी मुंबईत बिऱ्हाड करून राहिले आहे. या सर्वांची खुशाली आपण विचारितो व त्यांच्यासाठी प्रार्थना करितो; परंतु त्यांच्या नातवंडांस आजोबांचे गाव, त्यांची भाषा व त्यांचा इतिहास ठाऊक राहील की नाही, याचा विचार आपण क्वचितच करितो. तो कसा करावा हे शिकण्यासाठी या पाठात आम्ही दोन समाजांची उदाहरणे घेत आहो. पहिला समाज डच लोकांचा. हे लोक सतराव्या शतकात व्यापारासाठी आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर येऊन राहिले व निघून गेले. दुसरा समाज बेने इस्राएल लोकांचा. हे शतकानुशतके कोकणात राहून बोलीने, वेषाने व अन्नाने मराठी झाले, आणि १९४८ सालानंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशी जाऊन राहिले. एक समाज आपल्याकडे आला व गेला. दुसरा आपल्यातून उठून गेला. दोहोंचे मागे काय उरले, ते पाहू.

१. वेंगुर्ल्याच्या भिंती

डच लोकांस आपल्या जुन्या कागदपत्रांत वलंदेज म्हटले आहे. त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीने विजापूरच्या आदिलशाहीच्या मुलखात वेंगुर्ले येथे १६३७ साली वखार घातली. गोव्याचे पोर्तुगीज हे त्यांचे वैरी. गोव्याच्या बंदराची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांस अन्न, पाणी व बातमी पुरविणे हे या वखारीचे मोठे काम होते; व्यापार त्याच्या जोडीला चाले. सतराव्या शतकाच्या अखेरीस तिचे महत्त्व संपले. आज वेंगुर्ल्यात त्या वखारीच्या पडक्या भिंती उभ्या आहेत व त्या राज्य शासनाच्या संरक्षित स्मारकांत गणल्या जातात. उत्तरेस सुरत शहरी डच लोकांचे कबरस्तान आहे. तेथे हेन्ड्रिक व्हान रेडे या डच अधिकाऱ्याची घुमटाची मोठी कबर आहे. हा गृहस्थ १६९१ साली प्रवासात जहाजावर मरण पावला. मलबारातील वनस्पतींवर त्याने स्थानिक वैद्यांच्या साहाय्याने बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला, आणि तो १६७८ पासून १६९३ पर्यंत आम्स्टरडाम येथे छापून निघाला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेंगुर्ल्याच्या भिंती आहेत. परंतु ‘हे माझ्या पणजोबांचे घर’ असे सांगणारा माणूस त्या गावात कोणी नाही. तेथे कोणती गाणी म्हणत, कोणता पदार्थ सणास करीत, लेकरास कोणत्या नावाने हाक मारीत, हे भिंत सांगत नाही. आपणांस जे कळते ते कंपनीच्या कारकुनांनी लिहून ठेविलेल्या कागदांवरून कळते, आणि ते कागद बहुतेक हिशेबाचे व हुकुमांचे आहेत. व्हान रेडे याचे नाव विद्वानांस आज ठाऊक आहे ते सुरतेच्या घुमटामुळे थोडे व त्याच्या ग्रंथामुळे पुष्कळ.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस येथे यार्देन नदीतून काढून उभारलेल्या बारा धोंड्यांची आठवण होईल. ते धोंडे उभारिताना यहोशवाने लोकांस बजाविले होते की, पुढे मुले या धोंड्यांचा अर्थ पुसतील, तेव्हा बापांनी तो सांगावा. धोंडा, पुसणारे मूल व सांगणारा बाप, अशी ती तीन अंगे आहेत. वेंगुर्ल्यात पहिले अंग आहे. उरलेली दोन नाहीत.

२. ज्या डच लोकांनी लिहून ठेविले

परंतु सर्वच डच प्रवाशांची अशी गत झाली नाही. लंकेत डच सत्ता १७९६ साली इंग्रजांकडे गेली, तरी कंपनीच्या चाकरीत आलेल्या कित्येकांचे वंशज तेथेच राहिले. त्यांस बर्गर म्हणतात. त्यांची डच भाषा लवकरच मागे पडली व ते इंग्रजी बोलू लागले. आपली ओळख आता नाहीशी होणार, असे पाहून त्यांनी १९०८ साली कोलंबो येथे डच बर्गर युनियन नावाची संस्था स्थापिली व एक नियतकालिक काढिले. त्यात घराण्यामागून घराण्याची वंशावळ छापिली: मूळ पुरुष कोणत्या गावचा, कोणत्या साली आला, कोणाशी लग्न केले, मुले कोण. पुढे १९५६ साली लंकेत केवळ सिंहली ही राज्यभाषा ठरली, तेव्हा पुष्कळ बर्गर कुटुंबे ऑस्ट्रेलियात गेली. अशा रीतीने एकदा परदेशी गेलेल्यांची संतती पुन्हा परदेशी गेली. परंतु छापून ठेविलेली वंशावळ उरली, आणि ज्यास पाहिजे त्यास तीवरून आपले मूळ शोधिता येते.

या उदाहरणात एक सावधगिरीची सूचनाही आहे. वंशावळ राखणारा समाज कधी कधी तिचे कुंपण करितो. कोण शुद्ध युरोपियन रक्ताचा व कोण मिश्र, असा भेद लंकेत झाला आणि त्याने पुष्कळांची मने दुखावली. डच कंपनीने गुलामांचा व्यापार केला, हीही गोष्ट खरी. तिचा उल्लेख गाळून डचांचा इतिहास लिहिणे म्हणजे अर्धा इतिहास लिहिणे होय. वारसा राखावयाचा तर त्यातील लाजेची पानेही राखली पाहिजेत.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. जेथे आज न्यूयॉर्क शहर आहे तेथे पूर्वी डच लोकांची वसाहत होती. १६६४ साली इंग्रजांनी ती घेतली. त्या वसाहतीचे सुमारे १२,००० पानांचे डच कागद ऑल्बनी शहरी पडून राहिले. काळाच्या ओघात ते वाचणारे फार थोडे उरले. १९११ साली तेथील ग्रंथालयास मोठी आग लागली. तीत असंख्य पुस्तके जळाली. डच कागद खालच्या फळ्यांवर होते म्हणून बरेचसे बचावले, तरी कित्येकांच्या कडा करपून गेल्या. शेवटी १९७४ साली त्यांच्या भाषांतराचे काम नेटाने सुरू झाले व ते पुढे अनेक वर्षे चालले. ज्या गोष्टी बापाने मुलास एका संध्याकाळी सांगितल्या असत्या, त्या पुढे विद्वानांस शोधून काढाव्या लागल्या.

३. पनवेलचे सभास्थान

आता आपल्या मुलखाकडे वळू. नवी मुंबई हे शहर नवे खरे. सिडको हे महामंडळ १९७० साली स्थापन झाले व त्याने खाडीकाठच्या खेड्यांच्या जमिनीवर हे शहर वसविले. परंतु या शहराने ज्या पनवेलास आपल्या पोटात घेतले, ते फार जुन्या पेठेचे गाव आहे. तेथील नगरपालिका १८५२ सालची. तिच्याही तीन वर्षे आधी, १८४९ साली, तेथे यहूदी लोकांचे एक सभास्थान बांधले गेले. त्याचे नाव बेथ एल, म्हणजे देवाचे घर. उंच इमारतींच्या गर्दीतून जाणाऱ्या पुष्कळांस ते कोणाचे व तेथे कसे आले, हे ठाऊक नसते. म्हणून ते थोडक्यात सांगतो.

बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी आहे की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढी वाचली. बाकीच्यांची प्रेते नवगाव येथेच पुरिली. पोथ्या समुद्रात गेल्या. वाचलेल्यांनी कोकणातील खेड्यांत आश्रय घेतला व तेलाचा घाणा चालविण्याचा धंदा धरिला. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारी त्यांस शनिवार तेली म्हणू लागले. पोथी नाही, शिक्षक नाही, राजाश्रय नाही, अशा स्थितीत त्यांनी शब्बाथ, सुंता, अन्नाचे काही नियम व परमेश्वर एकच आहे असे सांगणारे ‘शेमा’ हे वचन, एवढे मात्र सोडिले नाही. डच कंपनीशी मोठा व्यापार करणारे कोचीनचे यहूदी व्यापारी एजकेल राहाबी यांनी १७६८ साली आपल्या एका धर्मबंधूस लिहिलेल्या पत्रात मराठ्यांच्या मुलखातील या लोकांचा उल्लेख केला आहे. तेव्हाही त्यांस शेमा म्हणणे व शब्बाथ पाळणे एवढेच ठाऊक असल्याचे त्यात म्हटले आहे. येथे आपल्या दोन उदाहरणांचा धागा एकमेकांस लागतो: कोकणातील तेल्यांची ही नोंद आपणांस मिळते ती डच व्यापाराच्या वाटेने.

त्यांनी आपल्या सणांस दिलेली नावे पाहावी. वर्षारंभाच्या सणास ते ‘नव्याचा सण’ म्हणत. प्रायश्चित्ताच्या दिवसास ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात उपास करीत. एका सणास ‘खिरीचा सण’. आणि यरुशलेमेच्या मंदिराच्या नाशाबद्दल जो उपास, त्यास ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो वालाच्या बिरड्याने सोडीत. हिब्रू नावे विसरली, तरी सण विसरले नाहीत. त्यांस कोकणच्या स्वयंपाकघरातील नावे मिळाली एवढेच. एलीया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे, साखर व फळे यांचा मलिदा करून वाटण्याची त्यांची चाल आहे, आणि एलीयाच्या रथाच्या खुणा अलिबागेजवळ खंडाळे येथील खडकावर आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे.

आडनावांकडेही पाहावे. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर, दिवेकर, केहीमकर, अष्टमकर, तळकर, वाक्रूळकर: ही सर्व बेने इस्राएल आडनावे आहेत व प्रत्येकात कोकणातील एक गाव आहे. अशी गावे शंभराहून अधिक भरतात. चित्रपटांतील प्रसिद्ध नट डेव्हिड (१९०९ ते १९८२) यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर होते. ज्या समाजाजवळ नकाशा नव्हता, त्याने आपला नकाशा आडनावांत लिहून ठेविला.

४. त्यांनी लेखणी हाती घेतली

अठराव्या शतकापासून हे लोक मुंबईस येऊ लागले. पलटणीत नोकरी केलेले सॅम्युएल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत या समाजाचे पहिले सभास्थान बांधिले. त्यानंतर रेवदंडा, अलिबाग, पनवेल, ठाणे अशा ठिकाणी सभास्थाने झाली. याच सुमारास अमेरिकन व स्कॉटिश मिशनरी मुंबईत आले होते. त्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकली व बेने इस्राएल शिक्षकही नेमले गेले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहून प्रसिद्ध केले. जुना करार मराठीत छापला गेला, तेव्हा ज्या लोकांच्या पोथ्या समुद्रात बुडाल्या होत्या, त्यांस आपल्या पूर्वजांचे शास्त्र प्रथमच आपल्या घरच्या भाषेत वाचावयास मिळाले. हे लोक ख्रिस्ती होतील अशी मिशनऱ्यांची आशा होती. ते फारच थोडे झाले. शिकलेल्या विद्येचा उपयोग त्यांनी आपला स्वतःचा धर्म नीट समजून घेण्याकडे केला. हे जसे घडले तसे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

मग त्यांनी स्वतः लेखणी हाती घेतली. वल्हांडण सणाच्या रात्री घरात वाचावयाचे पुस्तक १८४६ साली मुंबईत हिब्रू व मराठीत शिळाछापावर निघाले, व १८७४ साली पुण्यास चित्रांसह छापले गेले. त्या पुण्याच्या पुस्तकातील चित्रांत सणाची तयारी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी अनेक प्रार्थना-पुस्तके मराठीत आणिली. शास्त्रातील कथांवर मराठी कीर्तने रचून ती टाळ व पेटीच्या साथीने होऊ लागली. स्त्रियांनी लग्नात व सणावारी म्हणावयाची गाणी वह्यांत उतरून ठेविली.

या सर्वांत एका पुस्तकाची हकीकत विशेष बोधप्रद आहे. हाईम सॅम्युएल केहीमकर हे मुंबईतील शिक्षणप्रेमी गृहस्थ. १८७५ साली आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढण्यात ते पुढे होते. त्यांनी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून, गावोगावच्या चालीरीती पाहून, आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो १८९७ साली पुरा झाला. परंतु त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीव येथे. चाळीस वर्षे ते हस्तलिखित कोणी तरी जपून ठेविले. वर दिलेली सणांची नावे व घाण्याच्या हकीकती आज आपणांस मिळतात, त्यांचे फार मोठे श्रेय त्या लिहिणाऱ्यास व त्या जपणाऱ्यास आहे. लिहिणे हे अर्धे काम; जपणे हे दुसरे अर्धे.

५. इस्राएल देशी

१९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाले, तेव्हा भारतात या समाजाची सुमारे २०,००० माणसे होती. पुढील दोन-तीन दशकांत त्यांतील बहुतेक तिकडे गेली. येथे त्यांस कोणी छळिले म्हणून ती गेली नाहीत. कोकणात त्यांचा छळ झाल्याची परंपराच नाही. धर्मश्रद्धा, नव्या राज्याची ओढ व आप्तांच्या मागोमाग जाणे, ही कारणे होती. दिमोना, बैर-शेबा, अश्दोद, लोद, रामला अशा ठिकाणी त्यांची वस्ती झाली. यांतील काही नावे आमच्या वाचकांस शास्त्रातून परिचित आहेत.

परंतु पूर्वजांच्या देशी पोहोचल्यावर त्यांस परकेपणा भोगावा लागला. काहींस तेथील वागणूक इतकी बोचली की, १९५०च्या सुमारास गेलेल्यांपैकी कित्येकांनी धरणे धरून परत भारतात येण्याची मागणी केली व काही परत आलेही. १९६२ साली तेथील धर्माधिकाऱ्यांनी असा आदेश काढिला की, बेने इस्राएल माणसाचा विवाह दुसऱ्या यहूद्याशी लावण्यापूर्वी त्याच्या मातापित्यांच्या पूर्वपरंपरेची चौकशी करावी. ज्यांनी पोथीवाचून शतकानुशतके शब्बाथ पाळिला, त्यांस विचारण्यात आले की, तुम्ही खरे यहूदी आहा कशावरून? समाजाने मोठी चळवळ केली. १९६४ साली तेथील लोकसभेने, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर यहूद्यांच्या बरोबरीचे आहेत असा ठराव केला व तो आदेश मागे घ्यावा लागला. वाचकहो, इतिहास राखणे ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे हे येथे दिसते. परक्या दारात उभे राहिल्यावर माणसास ‘तू कोण’ असे विचारितात, आणि ज्याच्याजवळ उत्तर नाही त्याची अवस्था कठीण होते.

त्या देशी या लोकांनी मराठीपण टाकिले नाही. १९८५ साली तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी त्रैमासिक निघू लागले. मलिद्याची चाल तिकडे अधिकच रूढ झाली. कोकणात जी घरगुती होती, ती तेथे या समाजाची ओळख बनली. हैफा येथे एलीयाच्या नावाची गुहा आहे. खंडाळ्याच्या खडकाकडे जाणारे आता तिकडे जाऊ लागले. लग्नाआधी मेंदीचा समारंभ होतो व मराठी गाणी म्हटली जातात. घाणा गेला, खाडी गेली, गाव गेला. परंतु पोह्यांचे ताट समुद्रापार पोहोचले.

६. धोका कोठे आहे?

असे असता काळजीचे कारण काय? कारण असे की, १९५० साली जो तरुण वीस वर्षांचा असताना गेला, तो आज असल्यास नव्वदी ओलांडून गेला आहे. त्याचा मुलगा मराठी समजतो. नातू हिब्रू बोलतो. पणतवास ‘पेणकर’ या शब्दात पेण आहे हे कोणी सांगितल्यावाचून कळणार नाही. स्त्रियांच्या वह्यांतील गाणी देवनागरीत आहेत, व ज्या घरात त्या वह्या आहेत त्या घरात देवनागरी वाचणारे कमी होत चालले आहेत. ऑल्बनीच्या डच कागदांची जी गत झाली, तीच या वह्यांची होण्यास वेळ लागणार नाही.

इकडे कोकणातही तोच प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. भारतात आता या समाजाची काही हजार माणसेच उरली. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहूद्यांस अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला, ही चांगली गोष्ट झाली. तथापि कायद्याने माणसांची संख्या वाढत नाही. खेड्यांतील जुन्या कबरस्तानांच्या शेजारी राहणारे लोक बहुधा दुसऱ्या समाजांचे आहेत. दगड इकडे राहिले व सांगणारे तिकडे गेले. म्हणून आम्हांस असे वाटते की, परदेशी गेलेल्यांचा वारसा राखण्याचा भार एकट्या गेलेल्यांवर टाकू नये. जे मागे राहिले, ते शेजारी दुसऱ्या धर्माचे असले तरी, त्यांच्याकडेही अर्धा भार येतो. दगडावरील हिब्रू अक्षर शेजाऱ्यास वाचता येणार नाही. परंतु येथे शनिवारी घाणा बंद असे, ही गोष्ट आपल्या आजोबांनी सांगितली असेल तर ती तो सांगू शकेल. कबरस्तानाची जागा कोणाची हे तो विसरू न देण्याचे काम करू शकेल.

७. आपण काय करावे?

हा पाठ आपल्या स्वतःच्या मंडळ्यांसही लागू आहे. खेड्यातून नवी मुंबईस गेलेले कुटुंब काय किंवा ऑस्ट्रेलियास गेलेले काय, तिसऱ्या पिढीस दोघांचा प्रश्न एकच असतो. खालील कामे खर्चाची नाहीत. कोणत्याही मंडळीस ती करिता येतील.

पहिले, वृद्धांचे बोलणे आजच उतरून घ्यावे. फार मोठे प्रश्न विचारू नयेत. तुमचे घर कोणत्या गावचे, तेथे पाणी कोठून आणीत, सणास काय करीत, शाळेत कोणी शिकविले, गाव का सोडिले, असे विचारावे. बोलणारा, लिहिणारा व तारीख ही तीन नावे-निशाणे पानाच्या माथ्यावर असावीत. आता हातातल्या फोनमध्येही आवाज साठविता येतो. तथापि आवाजाबरोबर लेखही असावा, कारण यंत्र बिघडते व जुने होते.

दुसरे, जुन्या छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. ज्या चित्रातील माणसे ओळखणारा कोणी नाही, ते चित्र घरातून लवकरच बाहेर जाते.

तिसरे, मंडळीच्या बाप्तिस्मा, विवाह व मरण यांच्या नोंदवह्या वाळवी व ओल यांपासून जपाव्यात, आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. कागद एकाच कपाटात असणे म्हणजे एका ठिणगीची वाट पाहणे होय. ऑल्बनीच्या आगीने हेच शिकविले.

चौथे, कबरस्तानातील दगडांवरील लेख जसेच्या तसे उतरून घ्यावेत. अक्षर पुसट असेल तर अंदाजाने भरू नये. जागा मोकळी सोडावी. आपल्या गावात दुसऱ्या समाजाचे पडके कबरस्तान असेल, तर त्या समाजाच्या माणसांस कळवून, त्यांच्या संमतीने, तेथेही असेच करावे.

पाचवे, परगावी गेलेल्या मुलांशी घरची भाषा बोलावी व नातवंडांस तिच्यात पत्र लिहावे. बेने इस्राएल लोकांचे सण पोथीवाचून टिकले ते आयांनी व आज्यांनी चुलीपाशी टिकविले. जी गोष्ट वर्षातून एकदा हाताने केली जाते, ती मनातून लवकर जात नाही.

सहावे, लिहिताना खोटा मोठेपणा जोडू नये. आपले पूर्वज गरीब होते, कर्जामुळे गाव सोडून गेले, जातीच्या जाचामुळे गेले, असे असेल तर तसेच लिहावे. शनिवार तेली हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले व धंद्यावरून पडलेले होते. केहीमकरांनी ते लपविले नाही, आणि आज त्याच नावावरून त्या समाजाच्या निष्ठेची साक्ष पटते.

शेवटी एवढेच म्हणतो की, पनवेलास कामानिमित्त जाणाऱ्या वाचकांनी बेथ एल सभास्थानापुढून जाताना क्षणभर थांबावे. बरोबर मूल असेल आणि त्याने ‘हे काय?’ असे पुसले, तर त्यास वर सांगितलेली हकीकत सांगावी. आणि मग त्यास आपल्या स्वतःच्या गावाचीही हकीकत सांगावी.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. वेंगुर्ल्याची वखार व कोलंबोच्या वंशावळी यांपैकी कशावरून माणसांची अधिक माहिती मिळते, व का?

२. बेने इस्राएल लोकांनी पोथीवाचून काय राखिले? ते त्यांस कसे राखिता आले?

३. वंशावळ राखण्याने कोणते बरे होते व कोणते वाईट होऊ शकते? लंकेच्या व इस्राएलच्या उदाहरणांवरून सांगा.

४. आपल्या मंडळीतील सर्वांत वृद्ध तीन माणसे कोणती? त्यांचे बोलणे कोण व केव्हा उतरून घेईल, हे वर्ग संपण्यापूर्वी ठरवा.